आत्याचा उकंडा

डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी आत्याने पहिलं काय पाहिलं असेल? मला वाटलं होतं, माझं तोंड पाहील. दवाखान्यातून तिला घरी मीच आणलं होतं, आणि "आत्या, कोण दिसतं?" असं विचारायला मी तिच्यासमोर बराच वेळ हसत उभाही होतो. तिनं काळा चष्मा नीट बसवला, मला हाताने बाजूला केलं, भिंत धरत धरत मागच्या दारापर्यंत गेली, दार उघडून बाहेर बघितलं, आणि म्हणाली,

"बाबू, तुमचा उकंडा कोठं आहे?"

उकंडा म्हणजे उकिरडा. खेड्यात प्रत्येक घराच्या परसात तो असतोच. शेण, राख, भाजीची देठं, अंगण झाडलेला केर, बैलांनी उष्टावून सोडलेलं तणस, सगळं त्यावर पडतं, वर्षभर कुजतं, आणि उन्हाळ्यात बैलबंडीत भरून बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जातं. दिवाळीला घरातला एक दिवा त्याच्यावरही लावतात. हे सगळं मला माहीत आहे, पण पाहुण्याला माहीत असतं तसं. वडलांच्या सरकारी नोकरीपासून आम्ही मध्य प्रदेशातल्या बालाघाट शहराचे. माझीही नोकरी इथेच झाली आणि इथेच संपली. आत्या मात्र लग्न होऊन लामत्याच्या बाजूच्या एका खेड्यात गेली ती तिथलीच झाली.

"इथं उकंडा नसते आत्या," मी म्हणालो. "इथं डस्टबिन असते."

आणि मी तिला अभिमानाने आमच्या दोन बादल्या दाखवल्या. हिरवी ओल्याची, निळी सुक्याची. अभिमान असायला कारण होतं. निवृत्तीनंतर माणसाला कशाचं तरी सचिव व्हावं लागतं. मी कॉलनीच्या स्वच्छता समितीचा झालो होतो. शेजारचा रिकामा प्लॉट, ज्याचा मालक कधीच दिसत नाही, तिथे लोक कचरा टाकायचे. ते मी बंद करवलं होतं. 'यहाँ कचरा फेंकना सख्त मना है' असा फलक रंगवून घेतला, तोही स्वतः उभं राहून, आणि पेंटरने 'सख्त' चुकीचं लिहिलं तर पुसून पुन्हा लिहायला लावलं.

आत्याने हिरव्या बादलीत हात घातला. आमच्या घरात त्या बादलीत हात घातलेला मी पहिल्यांदाच पाहिला. वांग्याची देठं, वाटाण्याच्या शेंगा, चहाचा चोथा असं बाहेर काढून तिने एका डोळ्याने पाहिलं.

"हे कोठं जाते?"

"सकाळी गाडी येते. गाणं वाजवत. तिच्यात टाकायचं."

"आन् गाडी कोठं नेते?"

"नेते... दूर."

"दूर म्हंजे कोनाच्या वावरात?"

मी समितीचा सचिव. ओला-सुका यावर मी गणेशोत्सवात माईकवरून बोललेलो आहे. पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. माझ्या लेखी कचरा गाडीत पडला की संपत होता, जसा पाहुणा बसमध्ये बसला की आपण हात हलवून घरात येतो तसा.

इथे एक सांगायला हवं, नाहीतर आत्या म्हणजे कोणी स्वच्छतेची देवी वाटेल. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधी तिला आणायला मी तिच्या गावी गेलो, तेव्हा तिच्या सुनेनं चहाबरोबर बिस्किटाचा पुडा दिला. बिस्किटं संपली आणि मी रिकामं वेष्टन हातात धरून विचारलं, "डस्टबिन कुठं आहे?" अख्ख्या घराने एकमेकांकडे पाहिलं. मी ते वेष्टन खिशात ठेवलं. मग तेवढ्यावर थांबावं की नाही? मी प्लॅस्टिकवर थोडं बोललोही. सून हसली, माझ्या खिशातून ते वेष्टन काढलं आणि कुंपणावरून नाल्याकडे भिरकावून दिलं. तिथे त्याच्या जातीचे बरेच भाऊबंद बाभळीला लटकलेले होते. मी आत्याकडे पाहिलं.

"ते तं कागद होय, बाबू. वारं नेते."

म्हणजे देठ दिसलं की जिचा जीव तुटतो, तिला प्लॅस्टिक दिसतच नव्हतं. आणि मी, जो वेष्टन खिशात घालून तालुके पालथे घालतो, तो रोज बादलीभर सोनं कोणाच्या वावरात जातं हे न विचारता देऊन टाकत होतो. हे कोडं मला भारी आवडलं. पण ते सोडवायला वेळ मिळाला नाही, कारण घरात वास सुटला.

आधी बारीक, मग चांगला ओळखीचा. बायको म्हणाली, उंदीर मेला. मी सोफा उलटा केला. फ्रीज सरकवला. कूलर खोलला, तो आजतागायत नीट बसलेला नाही. शेजारच्या भाईसाहेबांना बोलावलं, कारण त्यांना उंदरांचा अनुभव आहे. ते नाक वर करून घरभर फिरले आणि म्हणाले, "एक नहीं है। पूरा खानदान है।" मग ते आत्याच्या खाटेजवळ थांबले, वाकले, आणि खाटेखालून त्यांनी एक पिशवी ओढली. दुसरी ओढली. मग एक पातेलं, झाकण घातलेलं, जे बायको केव्हापासून शोधत होती.

त्यात सालं होती. पट्टी निघाल्यापासून आमच्या घरात सोललेल्या प्रत्येक भाजीचं आणि फळाचं साल. हिरव्या बादलीतून ती हळूच उचलून आणायची.

"आत्याबाई!" बायकोने कपाळाला हात लावला. "हे काहून ठेवलं जी तुमी?"

"मंग काय करू?" आत्या म्हणाली. "तुमी लोक तं फेकून देता."

पिशव्या गाडीत गेल्या. पातेलंही गेलं, बायकोने ते पुन्हा वापरायला साफ नकार दिला. आणि संध्याकाळी आत्याने आपली पिशवी भरायला घेतली.

"लामत्याची मोटर किती वाजता राह्यते?"

आता ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नव्हती. तिचा एकच डोळा झाला होता. दुसरा त्याहून वाईट, त्यातून तिला उजेड-अंधार एवढंच कळायचं. डॉक्टरने बजावून सांगितलं होतं की महिनाभराने दुसरा करायचा, आणि तोवर चुलीचा धूर, शेणाचा हात, धूळ काही नको. गावी गेली तर यातलं एकही टळणार नव्हतं, आणि एकदा गेलेली आत्या दुसऱ्या डोळ्यासाठी परत येईल यावर तिच्या मुलाचाही विश्वास नव्हता. पहिल्या डोळ्यासाठी तिला राजी करायला त्याला दोन दिवाळ्या लागल्या होत्या.

"आत्या, अर्धं काम टाकून कुठं चालली तू?"

"मले एका डोळ्यानं पुरते."

"घरची आठवण येते का?"

"नाई रे. तुह्या घरी मले काय कमी आहे? पन इथं माह्या हातानं पाप होऊन राह्यलं. रोज सकायी उठून चांगलं खत दुसऱ्याच्या गाडीत टाकाचं. आन् कोनाच्या वावरात जाते तं ते बी तुले मालूम नाही."

ही शेवटची ओळ मला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली, गाणं वाजलं, मी दोन्ही बादल्या रिकाम्या केल्या आणि स्कूटर काढून तिच्या मागे निघालो. ठरवलं होतं, बघूनच येतो आणि आत्याला वावराचं नाव सांगतो. कचऱ्याच्या गाडीचा पाठलाग करणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघतात हे अनुभवल्याशिवाय कळत नाही. गाडी प्रत्येक गल्लीत थांबे, मी थांबे. ती निघे, मी निघे. एका बाईने मला गाडीबरोबरचाच माणूस समजून स्कूटरच्या हँडलला पिशवी अडकवली. नको म्हणेपर्यंत ती आत गेलीसुद्धा. पुढे रेल्वेच्या फाटकाशी गाडी पलीकडे गेली आणि फाटक पडलं. मालगाडी होती. ती संपेपर्यंत मी अलीकडे, हँडलला लोकांचा कचरा लटकावून उभा. फाटक उघडल्यावर गाडी कुठेच नव्हती, आणि पिशवी टाकायला जागाही कुठेच नव्हती. ती मी घरी आणली.

आत्या ओट्यावर बसलेली. "भेटलं वावर?"

"नाही."

"आन् हे काय आनलं?"

"कचरा."

ती हसली. गावाहून आल्यापासून ती अशी हसली नव्हती. त्या हसण्याच्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्या, तू दुसरा डोळा होईपर्यंत थांब. मी तुला इथं उकंडा करून देतो."

"कोठं?"

जागा एकच होती. शेजारचा प्लॉट. फलकाच्या बरोबर खाली.

उकंडा सुरू करायला मुहूर्त लागत नाही, पण शेण लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. "शेनाबिगर नुसतं सडते, कुजत नाही," असं आत्याचं म्हणणं. तिला शेणाला हात लावायची मनाई. बायकोने विचारण्याआधीच नाही म्हटलं. तेव्हा सकाळी घमेलं घेऊन मी कॉलनीत निघालो. इतकी वर्षं रस्त्यावर गाईंनी केलेली घाण म्हणून ज्याबद्दल मी तक्रारी केल्या, ते आता शोधायला गेलो तर मिळेना. शेवटी मंदिरामागे एक गाय सापडली. मी वाकून दोन पुठ्ठ्यांनी भरत होतो, तर समितीचे अध्यक्ष फिरायला आले.

"अरे वाह! सचिव साहब खुद!" त्यांनी माझा फोटो काढला आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. खाली लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. तासाभराने त्यांनीच मला तेच घमेलं आपल्या फलकाखाली रिकामं करताना पाहिलं. तो फोटो त्यांनी काढला नाही, पण चेहरा मला आठवतो.

आत्या मात्र खुलली. खाटेवरून उठून सकाळ-संध्याकाळ प्लॉटकडे जायची. मी खुर्ची नेऊन ठेवली. ती काठीने दाखवायची, मी टाकायचो. इथे सालं, त्यावर माती, त्यावर पालापाचोळा, त्यावर शेणकाला. मोटारीच्या वेळा विचारणं बंद झालं. डोळ्यात औषध घालताना पूर्वी जी मान फिरवायची, ती आता "टाक लवकर, ऊन पडन" म्हणायची.

पण शहरात ढिगाची एक वेगळीच रीत आहे. ती मला समितीत असून कळली नव्हती. काही दिवसांनी सकाळी पाहतो तर आमच्या उकंड्यावर एक डायपर. दुसऱ्या दिवशी थर्माकोलचा डबा, मग कोणाच्या तरी वाढदिवसाचे फुगे. नुसता फलक होता तेव्हा रिकाम्या प्लॉटमध्ये टाकायला लोक थोडे लाजायचे. आता तिथे ढीग दिसतोय म्हटल्यावर त्यांना वाटलं, टाकायला परवानगी मिळाली.

आत्या हादरली. घाण पडली याचं तिला एवढं नव्हतं. लोकांनी *तिच्या* उकंड्यावर टाकलं याचं होतं.

"लोकाच्या उकंड्यात कोन टाकते रे?"

"इथं टाकतात आत्या. इथं ढीग कोणाचाच नसतो."

"कोनाचाच नाही म्हंजे?" तिला ते खरंच समजेना. "आमच्या गावी माह्या जावेनं माह्या उकंड्यावर एक टोपलं राख टाकली, तं मी तिले विचारलं, तुले उकंडा नाही का? तिचं मन दुखलं. आन् एकानं माह्या उकंड्यातून खत नेलं, तं पंचायत बसली. उकंडा म्हंजे घर होय. कोनाच्या घरात कोनी असं घुसते का?"

मी खुर्चीच्या बाजूला विटेवर बसलो होतो. इतक्या दिवसांचं कोडं थोडं हललं असं वाटलं. तिच्या गावात उकंड्याला मालक आहे आणि नाल्याला नाही, म्हणून उकंडा स्वच्छ आणि नाला घाण. आमच्या कॉलनीत घराला मालक आहे, अगदी फाटकाच्या पट्टीपर्यंत. त्यापुढे कोणाचंच काही नाही. आमचे एक सभासद रोज आपल्या दारासमोर झाडून केर नेमका शेजाऱ्याच्या हद्दीत नेऊन ठेवतात आणि समितीच्या बैठकीत सर्वांत जोरात बोलतात. ते मी आहे असं बायकोचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही, पण त्या दिवसापासून मी झाडताना हद्द बघू लागलो.

आत्याने मात्र विचार केला नाही, पहारा सुरू केला. काळा चष्मा, डोक्यावर पदर, हातात काठी. कोणी पिशवी घेऊन जवळ आलं की तिची काठी वर.

"ए बाई! हे आमचं आहे. तुमचं तुमच्या घरी करा."

"अम्माजी, कचरा ही तो है।"

"कचरा नाही, खत होय ते! तुह्या पिशवीत काय आहे ते सांग पहिले."

लोक पिशवी दाखवू लागले. दाखवावी लागते म्हटल्यावर निम्मे लाजून परतायचे. एक-दोघी रोज नुसती सालं घेऊन येऊ लागल्या. आत्या ती तपासून घ्यायची, पण उपकार केल्यासारखी. जे प्लॅस्टिक आधीच पडलेलं, ते ती काठीच्या टोकाने उचलायची आणि बेधडक रस्त्यावर फेकायची. वारं नेतं! मग मी तिच्यामागून पोतं घेऊन रस्ता वेचायचो. ती उकंडा राखत होती, मी रस्ता राखत होतो, आणि आमच्या दोघांच्या मधून अध्यक्ष रोज फिरायला जात होते.

"आत्या, ते रस्त्यावर नको फेकू."

"मंग कोठं फेकू? तूच सांग."

"निळ्या बादलीत."

"आन् निळी बादली कोनाच्या वावरात जाते?"

यावर मी पोतं उचलून पुढे जायचो.

दुसऱ्या डोळ्याचा दिवस आला. सकाळी नऊला दवाखान्यात हजर व्हायचं होतं. रिक्षा दारात. बायको फाइल आणि थर्मास घेऊन तयार. आणि आत्या प्लॉटमध्ये खुर्चीवर बसलेली, उठायला तयार नाही.

"मी गेली का सारे येऊन टाकतेत. इतक्या दिवसाचं सारं बिघडन."

"आत्याबाई, डोळा हाये तो. डॉक्टर थांबून राह्यले तुमच्यासाठी."

"उद्या जाऊ."

उद्या जाणं म्हणजे काय हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. डॉक्टरने पुढची तारीख द्यायची, तोवर गावी धान मळणी, तिकडून मुलाचा फोन, आणि पिशवी पुन्हा भरलेली. मी आयुष्यभर वेळेवर काहीतरी चुकीचं बोलत आलो आहे, पण त्या दिवशी, का कोण जाणे, बरोबर बोललो.

"आत्या, तू जा. मी बसतो इथं."

तिने माझ्याकडे एका नव्या डोळ्याने पाहिलं.

"तुह्यं कोनी ऐकन का?"

"ऐकतील."

"लाजशीन तू."

"नाही लाजणार."

"काठी घे मंग. आन् दुपारी पानी शिंपड. लय नाही, हाताच्या पोशानं."

ती उठली, माझ्या हातात काठी दिली आणि रिक्षात बसली. रिक्षा वळेपर्यंत मान मागे.

मी बसलो. स्वच्छता समितीचा सचिव, स्वतःच्या फलकाखाली, शेणाच्या ढिगाजवळ, काठी घेऊन. शाळेच्या बसमधली पोरं खिडकीतून हात करून गेली. भाईसाहेब गच्चीवरून म्हणाले, "आज आपकी ड्यूटी है क्या?" मी काठी उंचावली. मग एक ओळखीचे गृहस्थ स्कूटरवरून आले, पायाशी काळी पिशवी. मी उठलो. आत्यासारखा आवाज काढायचा प्रयत्न केला, तो निघाला नाही, माझाच निघाला, आणि उकंड्याला हिंदीत 'घूरा' म्हणतात तेवढं आठवलं.

"भैया, यहाँ मत डालिए। ये हमारा घूरा है।"

"आपका?" त्यांनी आधी फलक वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. "तो फिर हमारा कहाँ है?"

मी म्हणालो, "पहले थैली खोलिए।" तिथेच स्कूटरच्या सीटवर आम्ही दोघांनी त्यांच्या घरचा कचरा निवडला. खरकटं आणि सालं मी ठेवून घेतली. बाकीचं ते नाक मुरडत परत घेऊन गेले. वळताना मला म्हणाले, "बीवी को मत बताइएगा." कशाबद्दल, ते मला अजून कळलेलं नाही.

दुपारी पाणी शिंपडलं. पोशाने, म्हणजे पसा-पसाभर. त्यातून कोमट वाफ निघाली तेव्हा मी हात जवळ नेऊन पाहिलं. आतून ढीग खरोखर गरम होता. मी बराच वेळ तसाच हात धरून वाकलेलो असताना फोन वाजला. बायकोचा. पण बोलली आत्या.

"बाबू, कोनी टाकलं का?"

"एक आला होता. तपासून घेतलं. पाणी पण शिंपडलं. वाफ निघते आत्या!"

"निघनच. आता राहू दे, लय उकरू नको," ती म्हणाली आणि फोन बंद.

डोळ्याचं विचारायचं राहूनच गेलं होतं. मी घाईघाईने पुन्हा लावला. या वेळी बायकोने उचलला.

"डोळा कसा झाला?"

"तो तं केव्हाचाच झाला, चांगला झाला म्हणे," तिने आवाज खाली घेतला. "बाजूच्या खाटेवरच्या बाईले आत्याबाई उकंडा सांगून राह्यल्या. तिचा लेक पाहाले येतो म्हणते, तुमचा पत्ता विचारते. देऊ का?"